आम्ही लहरी विद्यार्थी

१९७९ साली मी पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाला ‘इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन’ ही शाखा घेतली, तेव्हा आमच्या आळीत दोन तर्क निघाले. पोरगी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढणार, हा पहिला. आणि टेलिफोन खात्यात ‘नंबर प्लीज’ म्हणत बसणार, हा दुसरा. वर्गात आम्ही मुली तिघीच. मुले आम्हांला ‘लहरी’ म्हणत, आणि अभ्यासच मुळी लहरींचा असल्यामुळे रागावायचीही सोय नव्हती!

या विद्येत शिकवतात तरी काय, असे लोक मला अजून विचारतात. आवाज, चित्र किंवा मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शाबूत कसा न्यावा, एवढेच. मजकुरात काय असावे हे शिकवणारे वृत्तपत्रविद्येचे वर्ग निराळे. आमच्याकडे नुसती हमाली. पण ही हमाली मोठी हिशेबी असते. टेलिफोनचेच घ्या. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपासून सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. टेलिफोनवरून मात्र साधारण ३०० ते ३४०० कंपनांचाच पट्टा धाडीत. तेवढ्यात बोलणे समजते, बोलणारा ओळखू येतो, आणि एकाच वाटेने पुष्कळांची संभाषणे नेता येतात. व्यंजनांची धार मात्र बरीचशी वरच्या कंपनांत असते आणि ती वाटेतच गळते. ट्रंक कॉलवर भाव सांगणारे व्यापारी ‘साठ हो साठ, सात नव्हे! सहावर शून्य!’ असे का ओरडत, याचा उलगडा मला वर्गात झाला.

पुढे हाच आवाज आकड्यांत उतरवायला शिकलो. सेकंदाला ८,००० वेळा त्याचे माप घ्यायचे आणि दर माप शून्य व एक अशा आठ अंकांत मांडायचे. म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक झाले. एका ‘हॅलो’साठी केवढा हा खटाटोप!

तिसऱ्या वर्षी क्लॉड शॅननची गाठ पडली. या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचे गणित मांडले, आणि आरंभीच बजावून ठेवले की संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही. मला ते फार कोरडे वाटले. सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णांना म्हटले. माझे वडील तालुक्याच्या गावी तारमास्तर होते.

“त्यात नवीन काय सांगितलं त्यानं?” अण्णा म्हणाले. “तार ऐकताना अर्थात गुंतायचं नाही. कुणी गेल्याची तार असली आणि हात थबकला, तर पुढची अक्षरं निसटतात. रडायचं ते ज्याची तार त्यानं.”

मग मी वही काढली आणि अण्णा बोलत राहिले. मोर्सच्या लिपीत इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब, कारण ते अक्षर सारखे लागते, क्वचित लागणाऱ्या ‘क्यू’ला मात्र चार खुणा. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांची वाक्ये ठरलेली असत. तारेवरून जाई तो नुसता वाक्याचा क्रमांक. एवढे मोठे प्रेम, पण प्रवास एका आकड्याचा! शॅननची निम्मी पाने हीच होती. आणि आकडा चुकला म्हणजे? लग्नघरी बारशाचे अभिनंदन जाऊन पडायचे. म्हणून तारेतले आकडे शेवटी पुन्हा पाठवून ताडून घेत. चूक पकडण्यासाठी थोडे जास्तीचे पाठवायचे, हे तत्त्व रिचर्ड हॅमिंगने १९५० साली गणितात पक्के बांधले, आणि चूक परस्पर दुरुस्तही करता येते हे दाखवले. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पुरे गुण मिळाले. श्रेय अर्थात तार ऑफिसचे.

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी एवढेच विचारले, “मग आता आकडे ताडून कोण घेतं?” मी म्हटले, “यंत्रंच घेतात, अण्णा.” त्यांना ते पटल्याचे दिसले नाही.

यंदा माझी भाची प्रवेशाच्या फेऱ्यांत सापडली. “आत्या, सगळे कॉम्प्युटर घे म्हणतात. तुझ्या त्या तारांना आता कोण विचारतं?” तिच्या हातात मोबाईल होता. तो क्षणोक्षणी मनोऱ्याशी अण्णांच्याच रीतीने बोलत असतो: आटोपशीर करून पाठव, ताडून पाहा, चुकले तर पुन्हा माग. हे तिला सांगितले. पण सांगण्याने शाखा निवडता येत नाही. तिला म्हटले, माहितीपुस्तके ठेव बाजूला, प्रयोगशाळा बघून ये.

आम्ही दोन महाविद्यालये पाहिली. पहिल्या ठिकाणी ऑसिलोस्कोपवर प्लॅस्टिकची आवरणे होती, आणि आवरणांवर धूळ. दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळा रिकामी. मुले गच्चीवर गेली होती. चौघांनी तार वाकवून केलेला अँटेना उभा केला होता आणि एका हवामान-उपग्रहाची ती वाट पाहत होती. उपग्रह क्षितिजावर यायला नऊ मिनिटे होती. “आत्या, थांबू या,” भाची म्हणाली. अर्ज तिने तिथलाच भरला.