पैठणची पांढरी

पैठण म्हटलें कीं घरांतील वडीलधाऱ्यांस नाथांचा वाडा आठवतो आणि सुनाबाळींस पैठणीचा पदर. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर गोदातीरीं वसलेल्या या क्षेत्रांत बाळासाहेब पाटील यांच्या नांवाचें एक लहानसें शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे. तिकडे मात्र यात्रेकरूंचीं पावलें क्वचितच वळतात.

नाथांच्या दीड हजार वर्षें आधीं हें गांव सातवाहनांचें प्रतिष्ठान होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, अशीं दोन मोठीं नगरें सांगितलीं असून पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोचास जात, असेंही म्हटलें आहे.

आपल्याकडे शेतजमिनीस 'काळी' आणि वस्तीच्या जागेस 'पांढरी' म्हणतात, तें किती यथार्थ आहे! शेंकडों वर्षें मातीच्या भिंती उठाव्या, ढासळाव्या, चुलींची राख त्यांत मिसळावी, म्हणजे जमीन पांढुरकी होते. ही माती माळवदांवर घालावयास उत्तम, म्हणून मराठवाड्यांतील लोक ती जुन्या टेकाडांतून खणून नेत आले. तिच्याबरोबर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या, शिशाचीं नाणीं वर येत. मणी पोरांच्या खेळांत जात आणि शिसें वितळण्यास तर घरची चूलही पुरते. अशा वेळीं पैठणास पाटलांनीं व तेरास रामलिंगप्पा लामतुरे यांनीं या वस्तु वेंचून जपल्या. पुढें दोन्ही संग्रहांचीं शासकीय संग्रहालयें झालीं. त्यांचे हे उपकार लहान नव्हेत.

तथापि वेंचलेल्या वस्तूस एक उणीव राहते. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीनें गाडलें, तेव्हां ती त्यापूर्वींची, हें आपोआप ठरलें. तिच्यासारखीच एक मूर्ति तेरच्या संग्रहांत आहे. १९७३ सालीं भोकरदनच्या उत्खननांतही तशाच एका मूर्तीचा भाग मिळाला. तो कोणत्या थरांतून निघाला, त्याच्या शेजारीं काय होतें, याची नोंद झाली. तेरची मूर्ति मात्र आईबापांचें नांव न सांगतां शाळेच्या दारीं आणून सोडलेल्या मुलासारखी आहे. रूपावरून कुळाचा तर्क करावयाचा, एवढेंच.

पैठणास शास्त्रीय उत्खनन झालेंच नाहीं असें नाहीं. १९३७ सालीं निजामाच्या पुराणवस्तु-खात्यानें तें केलें. १९९० नंतरच्या दशकांत भारतीय व ब्रिटिश पंडितांनीं केलेल्या उत्खननाचा ग्रंथ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. परंतु नांदत्या गांवांत विद्वानांस असें कितीसें खणतां येणार? खरें खणणें गृहस्थांच्याच हातून होतें: कोठें पायासाठीं, कोठें शौचकूपासाठीं. त्या वेळीं घरांतील शिकल्या मुलानें अथवा सुनेनें वहींत चार ओळी लिहाव्या: जागा कोणती, खोली किती हात, मातीचा रंग कसा, सोबत खापरें कसलीं. आणि तांब्याचें नाणें मिळाल्यास तें चिंचेनें घांसूं नये! देवाच्या उपकरणांस तो उपचार योग्य. नाण्यावरील उरलींसुरलीं अक्षरें मात्र त्यानें नाहींशीं होतात.

कायदाही ध्यानीं असावा. १८७८ च्या निखात-निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें लागतें. सरकारास तें ठेवून घ्यावयाचें झाल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पंचमांश देण्याची तरतूद आहे. शिशाच्या एका नाण्यास या हिशोबानें काय मिळेल, हें गणित मुलांस घालून पाहावें. पाटील आणि लामतुरे यांनीं तें कधीं मांडलेलें दिसत नाहीं.