बिल्डरने भरलेले पैसे आपल्या गल्लीत येतात का?

कोपऱ्यावरचे जुने बैठे घर पडते, पत्र्याचे कुंपण लागते आणि दोन-तीन वर्षांत तिथे सात मजले उभे राहतात. गल्ली तीच असते. पाण्याची लाइन तीच, ड्रेनेजचा पाइप तोच, अंगणवाडीची खोलीही तीच. माणसे मात्र कितीतरी पटीने वाढतात. मग पाणी कमी दाबाने येऊ लागते, चेंबर तुंबते, आणि तक्रार निघाली की कुणीतरी म्हणते, "बिल्डरने महापालिकेला पैसे भरलेत ना!" ते खरेच असते, पण भरलेले पैसे याच गल्लीसाठी खर्च होतात का, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या पैशाला विकास शुल्क म्हणतात. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यात विकास शुल्काचे प्रकरण १९९२ साली आले. जमिनीच्या सरकारी दरावर, म्हणजे रेडी रेकनरवर, ठरावीक टक्क्यांनी ते आकारले जाते. दुकाने आणि कार्यालयांच्या बांधकामाला घरांपेक्षा जास्त दर असतो. मेट्रोसारखे वाहतुकीचे मोठे प्रकल्प जिथे होतात, तिथे हे शुल्क वाढवण्याचीही तरतूद आहे. हा पैसा सार्वजनिक सुविधांसाठी आहे. पण कायद्याची नजर सबंध शहरावर असते. ज्या वॉर्डात इमारत झाली, त्या वॉर्डाचा वाटा अमुक टक्के, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

यात सगळेच वावगे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. धरणातून येणारी मोठी जलवाहिनी, मैलापाणी शुद्धीकरणाचे केंद्र, उड्डाणपूल ही कामे एका मोहल्ल्याच्या पैशातून होत नसतात. अडचण पुढे येते. एकदा पैसा मोठ्या तिजोरीत पडला की तो कुठे जाईल, हे अंदाजपत्रकात कुणाचा आवाज किती पोहोचतो यावर ठरते. २०२२ नंतर तर राज्यातील अनेक महापालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवकच नसल्यामुळे त्याच्या मागे लागण्याची सोयही राहिली नव्हती.

इंग्लंडमध्ये हा वाद त्यांनी कायद्यानेच सोडवायचा प्रयत्न केला आहे. तिथे २००८ च्या कायद्याने बिल्डरकडून सामुदायिक पायाभूत सुविधांसाठी शुल्क घेण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना मिळाला आणि २०१० पासून त्याचे नियम लागू झाले. २०१३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ज्या परिसरात बांधकाम होईल, तिथल्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला, जमा शुल्काचे १५ टक्के द्यायचे. त्याला वर्षाला दर घरामागे शंभर पौंडांची कमाल मर्यादा आहे आणि ती महागाईप्रमाणे वाढते. परिसरातील लोकांनी स्वतःचा विकास आराखडा तयार करून तो मतदानाने मंजूर करून घेतला असेल, तर हाच वाटा २५ टक्के होतो आणि मर्यादाही उठते. आराखडा करण्याची मेहनत घेतली म्हणून जादा पैसा, हा विचार आम्हाला आवडला. लंडन शहरात पॅरिश जवळजवळ नाहीतच. तिथे कौन्सिल तो वाटा स्वतःकडे ठेवते, पण लोकांना विचारून खर्च करणे तिला बंधनकारक आहे. किती जमा झाले आणि कशावर गेले, याचा हिशेब दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करावा लागतो.

तरीही एक पेच तिथे सुटलेला नाही. पैसा इमारतींच्या मागे धावतो, गरजेच्या मागे नाही. पूर्व लंडनचा टॉवर हॅम्लेट्स भाग घ्या. २०२१ च्या जनगणनेत तिथले सुमारे ४० टक्के रहिवासी मुस्लिम नोंदले गेले; त्यांत मूळचे बांगलादेशी कुटुंबांतील लोक फार मोठ्या संख्येने आहेत. दक्षिणेला कॅनरी वॉर्फच्या आसपास काचेचे उंच मनोरे उभे राहिले आणि थोड्या अंतरावर जुन्या सरकारी चाळींत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे आहेत. मनोरा जिथे उभा राहतो, वाटाही तिथलाच ठरला, तर ज्या गल्लीत एकही नवी इमारत झाली नाही तिला काय मिळणार? बैतुलमाल चालवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. ज्या मोहल्ल्यात रक्कम गोळा झाली तिथेच ती वाटायची की शेजारच्या अधिक गरजू वस्तीकडे न्यायची, यावर कमिटीच्या बैठका रात्री उशिरापर्यंत रंगतात. आमच्या मते काही भाग जिथे ओझे पडले तिथला आणि उरलेला गरजेप्रमाणे, हीच वाटणी रास्त आहे. दोन्हींचा हिशेब मात्र उघडा हवा.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. गुंठेवारी वस्तीत आपली हजारो कुटुंबे राहतात. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचे तुकडे पडले, ना अकृषिक परवानगी होती ना मंजूर लेआउट, आणि ज्याला शहरात फ्लॅट परवडला नाही त्याने तिथे दोन खोल्या बांधल्या. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) असो की सांगली, अशा वसाहतींनी शहरे वाढली. त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा झाला. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांसाठी असलेली मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. नियमित होण्यासाठी प्लॉटधारकाला प्रशमन शुल्क (लोक त्याला दंडच म्हणतात) आणि विकास शुल्क भरावे लागते.

इथे बिल्डर कुणी नाही, पैसे घरधन्याच्याच खिशातून जातात. कुणी बचत मोडतो, कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवतो. पण या कायद्यात एक फार मोलाची तरतूद आहे: जमा झालेल्या रकमेचा हिशेब लेआउटनुसार वेगळा ठेवायचा आणि तो पैसा त्याच लेआउटमधील रस्ते, गटारे, पाणी, दिवे अशा सुविधांवर खर्चायचा. जे इंग्लंडने २०१३ मध्ये १५ टक्क्यांपुरते केले, ते आपल्या गुंठेवारी कायद्याने त्याआधीच आणि सगळ्या रकमेसाठी लिहून ठेवले आहे!

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लेआउटमधल्या शंभर घरांपैकी वीसच घरांनी शुल्क भरले, तर खात्यात वीस घरांचेच पैसे असणार, आणि तेवढ्यात शंभर घरांची गटार होत नाही. शेजारी भरत नाही म्हणून आपणही थांबायचे, असे झाले तर खाते कधीच भरत नाही. म्हणून एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा गल्लीने मिळून करावा.

भरलेल्या पैशाचे काय झाले, हे विचारायला दहा रुपये लागतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत असावा लागतो. तेवढे पुरतात. आपला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर लिहून विचारावे: या लेआउटमधून आजवर प्रशमन व विकास शुल्क मिळून किती रक्कम जमा झाली, तिचे खाते वेगळे आहे का, त्यातून कोणती कामे कोणत्या तारखेला झाली आणि आज शिल्लक किती? तीस दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करता येते.

गुंठेवारीबाहेरच्या मोहल्ल्यांना असे वेगळे खाते नाही. त्यांना अंदाजपत्रकाचाच रस्ता आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून वॉर्डनिहाय छोटी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. पदपथ, दिवे, बसथांबा अशी मर्यादित खर्चाची कामे त्यात सुचवता येतात. हा विकास शुल्काचा राखीव वाटा नव्हे. पण ज्या वस्तीतून एकही अर्ज जात नाही, तिचे नाव त्या यादीत यायचे कसे? इतर शहरांतही अंदाजपत्रकाची तयारी वर्ष संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मार्चमध्ये नगरसेवकाच्या घरी गेलो, तर आकडे तोवर ठरलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लेखी मागणी द्यावी, खाली गल्लीतल्या बायकांच्याही सह्या असाव्यात (पाण्याच्या वेळा आणि तुंबलेले चेंबर त्यांनाच जास्त ठाऊक) आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. गुंठेवारीची पावती तर घराच्या खरेदीखताबरोबरच ठेवावी. माहितीच्या अर्जाला तिची झेरॉक्स जोडली की गट नंबरचा घोळ होत नाही.