बंदुकीला कुठलं तेल?

मागच्या महिन्यात निमगाव केतकीहून एक फोन आला. पलीकडचा आवाज ओळखीचा, पण थोडा संकोचलेला. इकडची-तिकडची विचारपूस झाली, डाळिंबाच्या भावाची चौकशी झाली आणि मग मुद्दा आला. ‘काका, बंदुकीला तेल कुठलं घालू?’

आता हा प्रश्न मला का? मी उभं आयुष्य बँकेत काढलं आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. बंदूक मी एकदाही चालवलेली नाही. माझ्या एका कादंबरीत पिस्तूल आहे. ते शेवटच्या पानापर्यंत उडत नाही, म्हणून एका वाचकाने रागावून पत्र पाठवलं होतं. पण या मुलाच्या घरातल्या बंदुकीशी माझी जुनी ओळख आहे. आजोबांची बंदूक वारसाहक्कानं, रीतसर परवाना काढून त्याच्याकडे आली आहे. बाजारात तेलांच्या बाटल्या आणि फवारे इतके, की तो गोंधळून गेला होता. एकावर बंदुकीचं चित्र, दुसऱ्यावर कुलपाचं, तिसऱ्यावर मोटारसायकलचं.

जानेवारी 1995 मध्ये मी निमगाव केतकीच्या शाखेत अधिकारी होतो. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव पानमळ्यांचं. नीरा डाव्या कालव्याच्या भागातलं, त्यामुळे एका बाजूला ओलावा आणि हिरवी सावली, तर थोडं पुढे गेलं की इंदापूरचा उघडा माळ. आमच्या शाखेत एक दुनळी बंदूक होती आणि ती सांभाळायला एक गार्ड होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांना सगळे मामाच म्हणत. दर शनिवारी बँक बंद झाली की मामा टेबलावर जुना पेपर अंथरत, बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघत आणि मग चिंदी, गज आणि एक छोटी बाटली बाहेर काढत. बाटलीत शिलाई मशीनचं तेल. पलटणीत त्यांना ‘ओएक्स-52’ नावाचं तेल मिळायचं. ते इथे कुठून येणार? म्हणून हे.

या बाटलीवरून मला एकदा लेखी खुलासा द्यावा लागला होता. तपासणीला आलेल्या साहेबांना व्हाउचर सापडलं आणि त्यांनी शेरा मारला, की शाखेत शिलाई मशीन नसताना शिलाई मशीनच्या तेलाचा खर्च कसा? मी खुलासा पाठवला. त्यावर पुन्हा विचारणा आली, की बंदुकीला तेल लागतं याला आधार काय? मामांनी तो कागद वाचून शांतपणे घडी घातली आणि पुढची बाटली स्वतःच्या पैशांनी आणली.

तर त्या जानेवारीत विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. शेषन यांचा काळ. आचारसंहिता म्हणजे काय ते खेड्यापाड्याला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे एक खातेदार, जुने बागाईतदार, काउंटरशी न थांबता सरळ मामांकडे गेले. त्यांना आपण तात्या म्हणू.

‘मामा, जरा वस्तीवर याल का? बंदूक उघडंना झालीया.’

‘रिकामी हाय ना, तात्या?’

तात्या गप्प बसले. मग हळूच म्हणाले, ‘त्येच तर कळंना.’

संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर मामा निघाले आणि कुतूहल म्हणून मीही त्यांच्या मागे मोटारसायकलवर बसलो. लेखकाला असल्या ठिकाणी जायची खाज असते.

तात्यांची बंदूक साधी नव्हती. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी पुण्यात घेतलेली, बेल्जियमच्या हर्स्टल गावात बनलेली ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने 1900 मध्ये या बंदुकीचं पेटंट घेतलं आणि 1998 पर्यंत ती बनत राहिली. छर्ऱ्याची बंदूक, पण अर्धस्वयंचलित. म्हणजे एकदा भरली की दर वेळी चाप ओढायचा, बस. रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि नवीन आत घेणं हे काम ती स्वतः करते आणि त्यासाठी लागणारी ताकद बाराच्या धक्क्यातूनच घेते. बार उडाला की नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकतात, मग नळी आधी पुढे येते, बोल्ट नंतर. या सरकण्याला आवर घालायला आत, काडतुसांच्या लांब नळीवर, एक पितळी कडं असतं. ते घासून घासून धक्का खातं. मामांनी ही गंमत नंतर मला समजावून सांगितली. त्या नळीवर तेल फार झालं तर कडं निसटतं आणि सगळा धक्का बंदुकीच्या अंगावर बसतो, लाकूड तडकतं. अगदीच कोरडी ठेवली तर नळी पुरेशी मागेच जात नाही आणि काडतूस अडकतं. तेलाचा नुसता हात फिरवलेला हवा.

दुनळीत हा प्रश्न येत नाही. तिला एक बिजागरी आणि दोन नळ्या. मोडली की दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसतं, भरलेली की रिकामी हे पोरालाही कळतं. अर्धस्वयंचलित बंदुकीचा बोल्ट बंद असला की आत काय आहे, ते बाहेरून कळत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर कंदील होता, वीज गेलेली. तात्या आमची वाट बघत स्वस्थ बसले नव्हते. बंदूक मांडीवर आडवी घेऊन ते बोल्टच्या मुठीवर लाकडी मोगरीनं हलके ठोके देत होते. आणि नळीच्या अगदी समोर, चार-पाच हातांवर, त्यांचा नातू पाटावर बसून गूळ-शेंगदाणे खात होता. वय वर्षं चार.

मामा काही ओरडले नाहीत. चालता चालता त्यांनी पोराला काखेत उचललं, माझ्या हातात दिलं आणि मग तात्यांच्या हातातली मोगरी काढून घेतली. एवढं झाल्यावर मला म्हणाले, ‘साहेब, त्याला घेऊन आत जा आणि बायकांना परसात पाठवा.’ त्यांचा आवाज मी एरवी ऐकला होता तसाच होता. पण नंतर पाणी पिताना तांब्या त्यांच्या दातांवर वाजत होता.

नळीचं तोंड नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगात रोखून बंदूक दोन पोत्यांमध्ये पक्की बसवली. मामांनी बोल्टच्या फटीत थेंब थेंब रॉकेल सोडलं, पोतं झाकलं आणि म्हणाले, ‘आता हात लावायचा नाही. सकाळी.’ रात्रभर ते तिथेच, ढिगामागे घोंगडी घेऊन बसले. सकाळी सहाला पुन्हा रॉकेल, पुन्हा थांबणं. आठ वाजता मूठ बोटभर सरकली, मग खळकन मागे आली आणि एक काडतूस मातीत पडलं. खडकीच्या कारखान्यातलं, बुडाचं पितळ हिरवं पडलेलं. पावसाळ्यात डाळिंबात डुकरं शिरली म्हणून हवेत बार काढायला भरलं होतं. डुकरं पळाली, काडतूस राहिलं.

(हा उपाय कुणी घरी करू नये. मामा पंधरा वर्षं पलटणीत होते. आपण असलं हत्यार परवानाधारक कारागिराकडेच न्यावं.)

बंदूक उघडल्यावर मामांनी बोट आत फिरवून माझ्यापुढे धरलं. बोटावर पिवळट तपकिरी चिकटा. राळेसारखा. ‘तात्या, तेल कुठलं घालता?’

तात्यांना प्रश्नच कळला नाही. ‘घरचं. करडईचं. दर खंडेनवमीला. वडलांपासून हाय.’

दर खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि घाण्यावरचं चांगलं पळीभर तेल वरून सोडायचं. त्यात कसूर नाही. आळस असता तर बंदुकीला गंज चढला असता. इथे तिला मायेनं कोंदून टाकलं होतं.

करडईचं तेल आपल्या सोलापूर-इंदापूरच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या फोडणीला. पण ते वाळणारं तेल आहे. त्याच्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. ते हवेतला प्राणवायू घेतं, कण एकमेकांत गुंततात आणि आधी चिकट, मग घट्ट पापुद्रा होतो. रंग आणि रोगण करायला हे तेल वापरतात, ते याच गुणासाठी. थोडक्यात, तात्यांच्या घराण्यानं बेल्जियमच्या यंत्राला आतून पॉलिश मारलं होतं.

खोबरेल वाळत नाही, पण ते 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि माळावरचा जानेवारी त्याहून किती खाली जातो ते निमगावच्या माणसाला सांगायला नको. जवसाचं तेल करडईपेक्षाही लवकर वाळतं. म्हणूनच ते लाकडी दस्त्याला उत्तम. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळावं. तेच आत यंत्रात गेलं तर घात. उलट खनिज तेल यंत्रात हवं, पण दस्त्यात मुरलं तर लाकूड मऊ पडतं. म्हणून मामा तेल लावलेली बंदूक काही वेळ नळी खाली करून ठेवत, म्हणजे जास्तीचं तेल लाकडाकडे उतरत नाही. मोटारीतून काढलेलं काळं तेल तर नकोच. त्यात काजळी आणि आम्ल दोन्ही.

फोनवर मी त्या मुलाला हेच सगळं सांगितलं. शिलाई मशीनचं हलकं खनिज तेल घे, किंवा बंदुकीसाठीच बनवलेलं. जर्मनीत 1904 पासून बनणारं ‘बॅलिस्टॉल’ हे तर लाकूड आणि चामड्यालाही चालतं म्हणून प्रसिद्ध आहे. मिळालं तर घे, नाही तर अडत नाही. तो निळा-पिवळा फवारा तुझ्याकडे असेलच. त्याच्या नावातला 40 हा आकडा म्हणजे 1953 मध्ये सॅन डिएगोत चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं मिश्रण. पाणी हटवायला ते नामी, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, वंगण म्हणून त्यावर विसंबू नकोस. आधी बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री कर. जुना चिकटा काढ. मग चिंदीवर तेल घेऊन पुस, आणि पुन्हा कोरड्या चिंदीनं पुस. बार काढण्याआधी नळी कोरडी कर. चामडी गवसणीत ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. पानमळ्यातल्या खोपटात तर मुळीच नको. आणि हात लावल्यावर घामाचे ठसे पुसत जा.

‘एवढंच तेल?’ तो म्हणाला. ‘मला वाटलं बाटली लागंल.’

बाटली दोन वर्षं पुरेल, असं मी सांगितलं. पाटावरच्या गूळ-शेंगदाण्यांचं मात्र सांगितलं नाही. तात्या गेले, मामाही गेले. त्या संध्याकाळचा साक्षीदार आता मी एकटाच, आणि तो स्वतः, पण त्याला काही आठवत नाही. रविवारची पुरवणी तो वाचतो. आज कळेल.

फोन ठेवता ठेवता त्याने खरी अडचण सांगितली. आजी अजून आहेत, नव्वदीच्या घरात. खंडेनवमीला पळीभर तेल सोडल्याशिवाय त्या पूजा झाली असं मानत नाहीत. गेल्या वर्षी त्याने बंदूक कपाटातच ठेवली, तर त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

मी थोडा विचार केला. म्हटलं, बंदूक पाटावर ठेव, रिकामी. कुंकू दस्त्याला लाव, आणि शेजारी मोठी समई ठेव. पळी आजींच्याच हातात दे.

‘आणि तेल?’

करडईचंच, म्हटलं. समईला ते चांगलं चालतं.