दारू सोडणारांची सभा

दारूचें व्यसन घरांत शिरलें कीं त्याच्या पाठोपाठ मौनही शिरतें. शेजाऱ्यांस कळूं नये, कचेरींत बोभाटा होऊं नये, मुलीच्या लग्नांत विघ्न येऊं नये, म्हणून घरचीं माणसें सबबी सांगत राहतात. पिणारा मनुष्य सकाळीं जन्मभराची शपथ घेतो आणि संध्याकाळीं ती मोडतो. दोन्ही गोष्टी तो एकटाच करतो. या एकटेपणावर गेल्या शतकांत एक उपाय निघाला. तो कसा निघाला व कसा वापरावा, हें सुशिक्षित घरांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

१९३५ च्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा शेअर-दलाल अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन शहरीं आला होता. ज्या व्यवहारासाठीं तो आला, तो फिसकटला. दारू सोडून त्यास जेमतेम पांच महिने झाले होते, आणि हॉटेलांतील मद्यालयाचा गलबला त्याच्या कानीं पडत होता. तत्पूर्वीं त्यानें अनेक मद्यप्यांना सावरण्याची खटपट केली होती. त्यांपैकीं एकही सावरला नव्हता; पण त्या खटपटींत तो स्वतः मात्र दारूपासून दूर राहिला होता. हें स्मरून त्यानें टेलिफोन उचलला आणि गांवच्या धर्मोपदेशकांपाशीं अशाच एखाद्या पीडिताची चौकशी केली. त्यांतूनच डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशीं त्याची गांठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. पुढें त्यांचा एकदां तोल गेला. परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनीं दारूस स्पर्श केला नाहीं. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन मानितात. नांवाचा अर्थ ‘अनामिक मद्यासक्त’. १९३९ सालीं याच नांवाचा ग्रंथ निघाला व संघाचीं बारा पावलें त्यांत प्रसिद्ध झालीं.

या हकीकतींतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. विल्सन उपकार करण्यास गेला नव्हता. त्याला स्वतःलाच दुसऱ्याची गरज होती. म्हणून सभेच्या दारांत संकोचून उभा राहिलेला नवखा मनुष्य तेथें याचक नसतो. त्याला मदत करणें हें आंत बसलेल्यांचें स्वतःचें औषध होय.

सभा शोधणें कठीण नाहीं. संघाचें भारतांतील मुख्य कार्यालय मुंबईंत आहे. टेलिफोनवर किंवा इंटरनेटवर विचारल्यास जवळच्या सभेचें ठिकाण व वार समजतो. मानसोपचारतज्ज्ञ, तसेंच १९८६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणासारखीं व्यसनमुक्ति-केंद्रेंही माहिती देतात. महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांत मराठी, हिंदी व इंग्रजी भाषांतून सभा होतात. कांहीं सभा खुल्या असतात, त्यांस आप्तेष्टांनाही जातां येतें. कांहीं केवळ व्यसनग्रस्तांसाठीं असतात. हा भेद आधीं विचारून घ्यावा.

सभेचें स्थळ बहुधा शाळेचा एखादा वर्ग किंवा चर्चचें सभागृह असतें. सभासद होण्यास एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. आडनांव सांगावें लागत नाहीं, वर्गणी नसते. जमलेल्यांत एक पेटी किंवा थैली फिरते, तींत नवख्यानें कांहीं न टाकिलें तरी चालतें. एकेक जण आपलें पहिलें नांव सांगून ‘मी मद्यासक्त आहें’ असें म्हणतो आणि काय घडलें तें सांगतो. मध्येंच कोणी प्रश्न विचारीत नाहीं, उपदेश करीत नाहीं. नवख्यानें नुसतें ऐकलें तरी पुरे. जन्मभराची शपथ येथें मागत नाहींत. आजच्या दिवशीं पहिला पेला घ्यावयाचा नाहीं, एवढाच निश्चय असतो. बारा पावलांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा उमजेल तसा. नास्तिकासही मज्जाव नाहीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास हातांस कंप सुटतो, कांहींना झटके येतात, भ्रम होतो, आणि प्रसंग जिवावर बेततो. म्हणून प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. सभा ही डॉक्टरांची जागा घेत नाहीं. मात्र तिचा गुण नुसता ऐकीव नव्हे: २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेंत, दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतींत ही पद्धति अन्य मान्य उपचारांहून सरस ठरली.

घरच्यांसाठींही वेगळी सोय आहे. विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकारानें १९५१ सालीं ‘अल-अनॉन’ हा कुटुंबियांचा संघ निघाला. नवरा सभेस जाण्यास तयार नसला, तरी पत्नीनें तेथें जाण्यास हरकत नसते. सबबी सांगण्याचें ओझें तिला तेथें प्रथम खालीं ठेवतां येतें.

पहिली सभा न रुचल्यास दुसरी पाहावी; सर्व सभा सारख्या नसतात. अनेकांचा पाय पहिल्या दिवशीं उंबऱ्यावरच अडखळतो. त्यांतलाच एखादा वर्षभरानें दारापाशीं उभा राहून नवख्याच्या हातीं चहाचा पेला देत असतो.