काचेवरचे पांढरे डाग आणि रेझिनचे पाणी



दिवाळी जवळ आली की काचा पुसायला घरातले कुणीतरी छज्ज्यावर चढते. आम्हाला ती भीती वाटते. लांब दांड्याच्या ब्रशने खालूनच काचा धुता येतात. पण वर फडके पोहोचत नाही आणि नळाचे पाणी वाळले की पांढरे डाग उरतात.

हे डाग म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. खानदेशातून येणारी तापीच सुरतेला पाणी देते. बोअरच्या पाण्यात क्षार सहसा आणखी जास्त. पाणी उडून जाते, क्षार काचेवर राहतात.

डीआयोनायझिंग रेझिन म्हणजे बारीक मणी. काही मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून हायड्रोजन सोडतात. बाकीचे क्लोराइड, सल्फेट धरून हायड्रॉक्सिल सोडतात. या दोहोंचे पाणीच होते. म्हणून काच न पुसताही स्वच्छ वाळते.

बँकेच्या भाषेत, रेझिन ही शिल्लक. क्षार जितके जास्त, तितकी लवकर संपते. म्हणून विकत घेण्याआधी टीडीएस मीटरने पाणी मोजा. २५० टीडीएसला जेवढे लिटर मिळेल, त्याच्या साधारण निम्मे ५०० ला. क्षार फार असतील तर आधी आरओ लावा. मिठावर चालणारा सॉफ्टनर उपयोगाचा नाही. तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो, डाग राहतातच.

बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा ० च्या आसपास हवा. १० च्या वर गेला की रेझिन बदलावे. हे पाणी पिऊ नये, रेझिन जंतू मारत नाही. आणि दांडा विजेच्या तारांपासून दूर ठेवावा.