रक्ताच्या उगमाशी (लेखांक ६) : रिकाम्या मज्जेतला वेढा

मागील लेखांकात आपण अस्थिमज्जेतल्या मूळपेशी आयुष्यभर रक्त कसे घडवतात ते पाहिले. ही घडण थांबली तर काय होते, हा आजचा विषय. १८८८ मध्ये पॉल एर्लिख यांनी रक्तक्षय आणि रक्तस्रावाने दगावलेल्या एका तरुण गर्भवतीची नोंद केली. शवविच्छेदनात तिच्या मज्जेत रक्त घडवणाऱ्या पेशींच्या जागी चरबी आढळली. या विकाराला पुढे अप्लास्टिक अ‍ॅनिमिया हे नाव मिळाले. मज्जा रिकामी आहे, त्या अर्थी मूळपेशी एखाद्या विषाने किंवा औषधाने थेट मेल्या असणार, असे दीर्घकाळ मानले गेले. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण तोकडे आहे, असे माझे मत आहे. त्यांच्यात थोडे बियाणे शिल्लक असते. शरीराच्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी ते उगवू देत नाहीत.

पहिला धागा अनपेक्षितपणे हाती आला. १९७० मध्ये जॉर्ज माथे यांनी अशा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देण्याआधी लिम्फोसाइटविरोधी, म्हणजे टी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी मारणारे, सीरम दिले. काहींच्या शरीरात परकी मज्जा टिकली नाही, पण त्यांची स्वतःची मज्जा सावरली. जुळ्या भावंडांचा पुरावाही याच दिशेचा आहे. एकसारख्या जुळ्यांत मज्जा नाकारली जाण्याचे कारण नसते. नुसत्या मूळपेशी संपल्या असत्या, तर निरोगी जुळ्याची मज्जा दिल्यावर काम भागायला हवे होते. काहींचे भागलेही, पण अनेकांत ती रुजली नाही, आणि आधी प्रतिकारशक्ती दडपल्यावर त्याच भावंडाची मज्जा रुजली. प्रयोगशाळेत या टी पेशींची हत्यारेही सापडली आहेत : इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्ये मूळपेशींची वाढ रोखतात आणि त्यांना आत्मनाशाकडे ढकलतात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. टी पेशीच दोषी असतील, तर त्या जितक्या जास्त मारू तितका गुण जास्त यायला हवा. प्रत्यक्षात २०११ च्या अमेरिकी चाचणीत घोड्यापासून बनवलेल्या अशाच सीरमला सहा महिन्यांत ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर सशापासून बनवलेल्या, टी पेशी अधिक नष्ट करणाऱ्या सीरमला ३७ टक्क्यांनी. पण यातून सिद्धान्त मोडत नाही, नेमका होतो. सगळ्या टी पेशी एका पक्षाच्या नसतात. नियामक टी पेशी इतरांना आवर घालतात, आणि या रुग्णांत त्या आधीच कमी असतात. सशाचे सीरम हल्लेखोरांबरोबर या राखणदारांनाही झोडपते, हे त्या अपयशाचे पटण्याजोगे कारण आहे.

दुसरा आक्षेप असा की टी पेशी मूळपेशींवरचे नेमके कोणते लक्ष्य ओळखतात, हे अजून ठरलेले नाही. हे खरे आहे. मात्र जपानी संशोधकांना काही रुग्णांत एक बोलकी गोष्ट दिसली. काही मूळपेशींनी जनुकीय बदलातून एचएलए खुणांपैकी एक संच गमावला होता. टी पेशी सावज ओळखतात ते याच खुणांवरून. खूण हरवलेल्या पेशी तगल्या आणि रक्त घडवत राहिल्या. शत्रूच्या नजरेतून सुटलेलेच वाचले, तर शत्रू कोण हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा आक्षेप मी मान्य करतो : सर्व रुग्ण या चौकटीत बसत नाहीत. फॅन्कोनी अ‍ॅनिमियात किंवा टेलोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांच्या, आनुवंशिक दोषांत बिघाड मूळपेशीतच असतो. तिथे प्रतिकारशक्ती दडपून हाती फारसे लागत नाही. म्हणूनच, विशेषतः तरुण रुग्णांत, आनुवंशिक कारणांची तपासणी आधी हवी.

वेढा आणि नाश यांतला हा फरक रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. लोहाच्या गोळ्या वेढा उठवू शकत नाहीत, आणि रक्त चढवल्याने फक्त वेळ मिळतो. तरुण रुग्णाला जुळणारे भावंड असेल तर प्रत्यारोपण, नसेल तर घोड्याचे सीरम, टी पेशींना दडपणारे सायक्लोस्पोरिन आणि उरलेल्या मूळपेशींना चेतवणारे एल्ट्रोम्बोपॅग, हा आजचा मार्ग आहे. जंतुसंसर्गाने गाठण्याआधी तो धरायला हवा. पुढील लेखांकात याच टी पेशींची दुसरी बाजू पाहू : दात्याच्या टी पेशी रक्ताच्या कर्करोगाला कशा संपवतात.