मोठा पडदा सोयीचा, पण हाताला भार

वहीला पर्याय म्हणून लेखणीसह मोठा टॅब्लेट घ्यावा काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना व चित्रकारांना पडतो. सॅमसंगने २०२२ मध्ये बाजारात आणलेला ‘गॅलेक्सी टॅब एस८ अल्ट्रा’ हे त्याचे बोलके उदाहरण ठरावे.

१४.६ इंची पडदा ही त्याची मुख्य जमेची बाजू. अर्ध्या भागात पुस्तक उघडून उरलेल्या भागात टिपणे काढता येतात. ‘एस पेन’ ही लेखणी टॅब्लेटसोबतच मिळते. पडद्याखालील जाळीने निर्माण केलेल्या चुंबकीय क्षेत्रातून तिच्यातील वेटोळ्याला ऊर्जा मिळते. त्यामुळे केवळ लिहिण्यासाठी ती चार्ज करावी लागत नाही. टोकावरील दाबानुसार रेषाही जाड-बारीक होते.

उणीव मात्र आकारातच दडली आहे. जाडी अवघी ५.५ मिलिमीटर असली, तरी वजन ७०० ग्रॅमहून अधिक आहे. उभ्याने, एका हातात धरून लिहिताना मनगट अवघडते. गुळगुळीत काचेवर कागदाचा खरखरीतपणा जाणवत नाही. लेखणी पाठीमागे केवळ चुंबकाने चिकटत असल्याने पिशवीत निसटू शकते.

मेजावर बसून काम करणाऱ्यांना हा आकार सोयीचा. प्रवासात वाचणाऱ्यांना लहान टॅब्लेटच बरा. खरेदीपूर्वी दुकानात दहा मिनिटे हातात धरून लिहून पाहणे उत्तम.